हवालदाराचा देखावा

शिशाचे शिपाई करणं म्हणजे पोरखेळ, असं ज्याला वाटतं त्यानं एक रविवार माझ्याशेजारी बसून बघायला हवं होतं. बोटं भाजतात, नाकात धूर जातो, आणि साच्यातून माणूस निघतो तो निम्म्या वेळा बिनमुंडक्याचा. मग तो परत वितळवा. सत्तरच्या दशकात मी सांगलीत खोली घेऊन राहत होतो आणि कुपवाडच्या एका फौंड्रीत साचे भरायच्या कामावर होतो. दिवसा पंपाचे साचे, आणि तीन वाजता पहिली पाळी सुटली की घरी शिपायांचे साचे. बायको म्हणायची, "तुमचं एका भट्टीवर भागत न्हाई व्हय?" तिचं चुकत नव्हतं. मी तेव्हा कायम दमलेला असायचो, आणि आज ते आठवतानाही दमायला होतं.

खूळ लागलं ते जुन्या बाजारात. भंगाराच्या ढिगात मला सात शिपाई सापडले, विलायती, कुठल्या तरी संस्थानी घरातून बाहेर पडलेले. इंग्रजाच्या वेळची देशी पलटण: अंगात खाकी, डोक्याला फेटा, खांद्यावर बंदूक. ते मी एकेक हातात घेऊन उलटून बघितले. गावाकडच्या भिंतीवर असाच एक फोटो होता. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, सरहद्दीवरच्या छावणीत बंदूक घेऊन ताठ उभे.

आमचं गाव म्हसवडच्या अंगाचं. पाऊस नाही, पिकाचा भरवसा नाही, म्हणून घरटी एक माणूस पलटणीत. आप्पा महायुद्ध संपल्यावर परत आले आणि तेव्हापासून गावात 'हवालदार' म्हणूनच वावरले. हवालदारांना बसायला द्या, हवालदारांचा चहा कुठाय, आणि मी हवालदाराचा पोरगा. आप्पा मात्र पलटणीबद्दल अवाक्षर काढायचे नाहीत. आम्हाला वाटायचं, लय काय काय बघितलं असेल, म्हणून बोलवत नसेल.

तर मी ठरवलं, त्यांची ती छावणी करायची. गणपतीपुढं देखावा करतात तसा, पण कायमचा. सात शिपायांवरून प्लास्टरचे साचे घेतले. नुसतं शिसं मऊ पडायला लागलं तेव्हा फौंड्रीतल्या म्हाताऱ्या मुसलमान मिस्त्रींनी सांगितलं, "छापखान्याचे खिळे घाल, त्यात कडकपणा असतो." म्हणून एका छापखान्यातून झिजलेले अक्षरांचे खिळे आणले. मराठी अक्षरं वितळवून मी इंग्रजाची पलटण उभी करत होतो! मांजरपाटाला खळ लावून तंबू केले. साहेबाचा घोडा तीनदा मोडला. दोन वर्षं गेली, साठ माणसं झाली.

ही बातमी आमच्या सरपंचांपर्यंत गेली. ते म्हणाले, पंधरा ऑगस्टला ग्रामपंचायतीत मांडू आणि तिथंच हवालदारांचा सत्कार करू. फक्त इंग्रजाचं निशाण काढा, त्या दिवशी बरं दिसत नाही. मी निशाण काढलं, काठी राहू दिली. आदल्या रविवारी सगळं दोन फळ्यांवर बांधून एस.टी.नं गावी नेलं. कंडक्टर म्हणाला, "पलटण टपावर टाका की!" मी फळ्या मांडीवरून हलवल्या नाहीत. उतरलो तेव्हा पाय गेले होते.

सोप्यात दोन्ही फळ्या जोडल्या, शिपाई रांगेत लावले आणि आप्पांना समोर बसवलं. एक शिपाई मी खिशात ठेवला होता, बाहीवर तीन फिती रंगवलेला हवालदार. त्याच्या चेहऱ्यावर मी बाकीच्या साठांपेक्षा जास्त जीव टाकला होता.

"आप्पा, ह्यो तुमी. कुठं लावू?"

त्यांनी एकेक रांग निरखून बघितली. मग म्हणाले, "मागं."

मी दुसऱ्या रांगेत लावला.

"आजून मागं."

शेवटच्या रांगेत लावला. "आजून." तंबूपाशी नेला. "आजून रं."

"आवं आप्पा, फळीच संपली!"

"मग तितंच."

"तितं काय हाय?"

"चुली हुत्या," ते म्हणाले. "मी लांगरी हुतो."

लांगरी म्हणजे पलटणीचा आचारी. मला आधी वाटलं, थट्टा करतायत. पण आप्पांना थट्टा जमायची नाही. चार वर्षं त्यांनी तिथं रोट्या भाजल्या होत्या. फोटोतली बंदूक दुसऱ्याची, फोटोपुरती घेतलेली.

"मग हवालदार?"

"मी कवा म्हनलो? गाव म्हनतंय. पलटणीतनं आलेला समदाच गावाला हवालदार. येवडं कळंना व्हय तुला?"

खरंच की! आमच्याकडं खाकी घालून परत आलेला कोणीही हवालदार, आणि पोट जरा सुटलं की सुभेदार. दुसऱ्यांच्या बाबतीत हे मला चांगलं ठाऊक होतं. माझ्या घरचा हवालदार तेवढा मी खरा धरून बसलो होतो.

मी भडकलो. दोन वर्षं मान मोडून काम केलं, सत्कार ठरला, आणि हे आता सांगताय? गावाला कुठलं तोंड दाखवू? बरंच बोललो. आप्पांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चुली कर की मग. जागा हाय मागं. कशा हुत्या त्ये सांगतो."

आणि त्यांनी सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा ते पलटणीबद्दल तासभर बोलले. जमिनीत लांब चर खणून चुली कशा मांडायच्या, थंडीत कणीक कशी दगड व्हायची, पहाटेच्या पाळीवरचे शिपाई चुलीपाशी हात शेकायला कसे यायचे आणि पहिली रोटी कुणाला मिळायची. उकिडवं बसून त्यांनी फळीच्या कडेला बोटानं चर आखून दाखवला. मी त्यांना इतकं खुशीत कधी बघितलं नव्हतं. मी सांगलीला निघालो तेव्हा ते म्हणाले, "करशील न्हवं?"

मी म्हणालो, "बघू."

त्या आठवड्यात फौंड्रीत काम फार होतं, जादा पाळ्या पडल्या. पण खोटं कशाला बोलू? चार चुली आणि एक बसलेला माणूस दोन संध्याकाळींत झाला असता. दमलो होतो हे खरं, पण लाज वाटली हे जास्त खरं. आचाऱ्याचा सत्कार कोण करतं?

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर आप्पा धुतलेलं धोतर आणि कोट घालून ग्रामपंचायतीत आले. मी हवालदाराला पहिल्या रांगेत, साहेबाच्या घोड्याशेजारी लावलं होतं. आप्पांनी साहेबाकडं बघितलं नाही, रांगांकडं बघितलं नाही. ते सरळ मागच्या कडेला गेले आणि वाकून बघू लागले. तिथं नुसती फळी होती. ते तसेच थोडा वेळ वाकून राहिले.

सरपंचांनी हार हातात घेतला आणि मोठ्यानं विचारलं, "हवालदार, ह्यात तुमी कुठलं, दावा की गावाला!"

माणसं पुढं सरकली. आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. मग ते सावकाश पुढच्या बाजूला आले आणि तीन फितींच्या त्या माणसावर त्यांनी बोट ठेवलं.

"ह्यो," ते म्हणाले. "ह्यो मी."

टाळ्या वाजल्या, हार पडला. तीस वर्षं गाव त्यांना हवालदार म्हणत होतं, पण स्वतःच्या तोंडानं ते कधी तसं म्हणाले नव्हते. त्या दिवशी म्हणाले, माझ्यासाठी.