सेक्रेटरीची गळकी बोट

कुठेही पाणी ठिबकताना दिसलं की आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आधी मान वर करायचा. पाणी कुठून येतंय ते बघायला नव्हे, वरच्या मजल्यावर कोण राहतं ते आठवायला. "पाणी नेहमी वरून येतं, सावंतसाहेब," हे त्याचं आवडतं वाक्य. पुढची दिशा तो न बोलता, नुसत्या बोटाने दाखवायचा. त्याच्या वरच्या फ्लॅटमध्ये मी राहतो. राहत मी त्याच्या डोक्यावर असलो, तरी मिरे तोच माझ्या डोक्यावर वाटायचा.

त्याच्या बाथरूमच्या छताला ओल आली तेव्हा त्याने मला नोटीस काढली. सहीखाली स्वतःच्या नावापेक्षा 'मानद सेक्रेटरी' ही अक्षरं मोठी. मी माझी बाथरूम फोडून घेतली, टाइल्स बदलल्या, ओल होती तिथेच. शेवटी प्लंबर त्याच्या पोटमाळ्यावर चढला आणि त्याच्याच गीझरचा सांधा ठिबकताना सापडला. माफी मागेल तर तो सेक्रेटरी कसला! "म्हणजे वरूनच येत होतं ना?" एवढंच तो म्हणाला. अशा माणसाशी कुणी काय बोलायचं?

रिटायर झाल्यावर लोक नातवंडं सांभाळतात, गुडघे दाखवायला डॉक्टरकडे जातात. याने जुनी शिडाची बोट घेतली. मुंबईच्या कुणा हौशी माणसाने कंटाळून काढलेली, फायबरची, आत चार माणसं वाकून बसतील एवढी केबिन. खाडीवरच्या कोळीवाड्याच्या जेट्टीला ती बांधली. नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला की आपली माणसं गॅस यायच्या आधी दारावर पाटी ठोकतात. यानेही तेच केलं. बोटीचं शीड धड उघडतं की नाही ते बघायच्या आधी त्याने बायकोच्या नावाची पितळी पाटी करून आणली, 'सौ. सुलभा', आणि ड्रिल मशीनने केबिनच्या टपावर, बरोबर मध्यभागी, चार स्क्रूंनी बसवली. नारळ नंतर फोडला.

सुलभावहिनींचं माहेर पलीकडे, रेवसच्या बाजूला. लग्न झाल्या झाल्या याने त्यांना शब्द दिला होता, एक दिवस स्वतःच्या बोटीने माहेरी नेईन. वहिनींनी तो शब्द कधी मनावर घेतला नव्हता, यानेच घेतला होता. पहिल्याच फेरीला जरा वारा उठला, टपावर पाणी उडालं आणि आत बाकावरच्या गादीवर, नेमकं वहिनींच्या बसायच्या जागी, टपटप सुरू झाली. साडी भिजली. जेट्टीला उतरताना त्या एवढंच म्हणाल्या, "कोरडी करा, मग बोलवा. ओल्या लुगड्याने मी माहेरच्या दारात उभी राहणार नाही." त्या बाईंनी आयुष्यात याला घातलेली ही बहुधा पहिली अट असावी. त्या दिवसापासून तो माणूस त्या एका थेंबामागे लागला.

मागे लागला म्हणजे काय, तर सिलिकॉन लावत सुटला. तुर्भ्याचा हार्डवेअरवाला त्याला लांबून बघूनच ट्यूब काढून ठेवायचा. खिडक्यांना सिलिकॉन, डोलकाठीच्या बुडाला सिलिकॉन, आतून छताला सिलिकॉन, आणि थेंब पडायचा त्या जागी तर बोटभर जाड थर. आतून बुजवलं की पाणी थांबत नाही, बाजूने वाट काढतं, हे पोरसवदा प्लंबरलाही कळतं. याला कळत नव्हतं. थेंब वीतभर सरकला की हा विजयी मुद्रेने सांगायचा, "जुना लीकेज बंद, हा नवीन आहे." बोटीवर वरचा मजला नसल्याने नोटीस कुणाला काढावी हा त्याचा मोठाच प्रश्न होता. तो त्याने आधीच्या मालकाला शिव्या घालून सोडवला. शेजारी जाळं विणत बसलेला नाखवा एकदा मला म्हणाला, "बोटीला काय नाय झाला, साहेब. रोग मालकाला हाय." मला फार बरं वाटलं.

माझी सगळी नोकरी रबाळ्याला पंपांच्या कारखान्यात गेली. पंप गळतो का ते तपासणं हेच माझं काम. त्यामुळे याचा उपद्व्याप बघताना मला चीड यायची, आणि खरं सांगतो, मजाही यायची. मी मदत करणार नव्हतो. पण एकदा वहिनी जिना चढून आल्या. "भाऊजी, तुम्हीच बघा हो. हे हल्ली जेवताना पण छताकडे बघतात. मला माहेरचं एवढं काही नाही, पण यांचा शब्द पुरा झाला तर जरा माणसात येतील." त्यांच्या शब्दाला नाही म्हणणं मला जमलं नाही.

कारखान्यातली साधी रीत मी बोटीला लावली. केबिनच्या खिडक्या-दारं बंद केली, फटी चिकटपट्टीने बुजवल्या आणि धूळ उडवायच्या ब्लोअरने आत हवा भरली. बाहेरून साबणाचं पाणी ब्रशने फासत गेलो. जिथे भोक असेल तिथून आतली हवा बाहेर येणार आणि बुडबुडे धरणार. खिडक्यांना बुडबुडा नाही, डोलकाठीला नाही. सेक्रेटरी कमरेवर हात ठेवून उभा. "बघितलंत? माझं काम पक्कं असतं!" मी टपावर सरकलो. पितळी पाटीच्या चारही स्क्रूंभोवती पांढरा फेस फुगून आला.

भोकं पाडताना त्याने त्यांत काहीही भरलं नव्हतं. सगळ्या बोटीला सिलिकॉन फासणाऱ्या माणसाने तेवढी एकच जागा कोरडी सोडली होती. टपाच्या दोन थरांमध्ये प्लायवुड असतं. पाणी स्क्रूवाटे त्यात शिरत होतं आणि उताराला लागून पार टोकाला वहिनींच्या गादीवर उतरत होतं. "पाणी नेहमी वरून येतं," मी म्हणालो. हे वाक्य त्याला परत करायची संधी मी कशी सोडणार?

तो ओशाळला नाही, अडून बसला. "पाटी नाही काढायची. नाव आहे तिचं. बाकी काय ते करा." साबणाचे बुडबुडे फुटत होते आणि हा पाटीवर हात पसरून बसलेला. असला हटवादी गाढव मी दुसरा पाहिला नाही. जेट्टीवर उभ्या असलेल्या वहिनींनी पदर खोचला, त्या टपावर चढल्या आणि त्यांनी माझ्या हातातून स्क्रूड्रायव्हर घेतला.

"नाव वर मिरवतंय आणि मी खाली भिजतेय. सरका."

तो सरकला. त्यांनी एकेक स्क्रू काढला. चौथ्याबरोबर प्लायवुडचा काळा, कुजका भुगा वर आला. त्याच्याकडे बघत सेक्रेटरी हळूच म्हणाला, "म्हणजे मीच?" एवढी वर्षं शेजारी काढली, त्याच्या तोंडून हा प्रश्न मी तेव्हाच ऐकला.

कुजकं लाकूड कोरून काढलं, उरलेलं उन्हात वाळवलं, इपॉक्सीने भोकं भरली. काम मी केलं, सूचना त्याने दिल्या. मग चांगला दिवस बघून आम्ही रेवसला निघालो. शीड आणि सुकाणू नाखव्याच्या हाती, कारण मालकाचं लक्ष समुद्राकडे नव्हतंच. लाटा टपावरून जात होत्या आणि हा आत, वहिनींच्या समोर बसून छताकडे बघत होता. मध्येच गादीवर हात फिरवायचा. "कोरडी आहे ना?" वहिनी म्हणायच्या, "कोरडी आहे हो. तो बघा, आमचा किनारा आला." त्याने किनारा बघितलाच नाही. धक्क्यावर उतरल्यावर त्याने वहिनींच्या साडीचा काठ सगळ्यांसमोर चिमटीत धरून तपासला, आणि मग तिथेच उभा राहून पोरासारखा हसला.

गेल्या वर्षी तो गेला. छातीत दुखलं आणि संपलं. बोट वहिनींनी नाखव्याला देऊन टाकली. पाटी मात्र त्यांच्या फ्लॅटच्या दारावर आहे. बोटीवरून काढली त्याच आठवड्यात त्याने ती तिथे बसवली होती, आणि तिच्या चारही बाजूंना, शिवाय स्क्रूंच्या डोक्यांवर, सिलिकॉनचा जाड थर दिला होता. घराचं लाकडी दार, बंद पॅसेज, वर माझा स्लॅब! तिथे पाणी येणार तरी कुठून? पण या वेळी त्याने तेवढी जागा सोडली नव्हती.

परवा सोसायटीचं रंगकाम निघालं. वहिनी मुलीकडे गेल्या होत्या, दारावर नजर ठेवायला मला सांगून. साताऱ्याकडचा पेंटर पत्र्याची पट्टी घेऊन पाटीसमोर उभा. "काका, हे खरवडून काढतो. लई घाण दिसतंय."

दिसतं घाणच. त्या माणसाला आयुष्यात एक रेघ सरळ ओढता आली नाही.

"हात लावायचा नाही त्याला," मी एवढ्या जोरात ओरडलो की पेंटर दचकून मागे झाला. त्याने पाटीवर कागद चिकटवला आणि भोवतीने रंग मारला. मी तो वाळेपर्यंत तिथेच उभा राहिलो.