बाई सुटली

आमच्या विहारात आधी भांडण झालं, मदत नंतर. उमरीतल्या आमच्या वस्तीत विहाराला नवा स्पीकर घ्यायचा म्हणून वर्गणी गोळा झाली होती. मी मधेच उठले. म्हटलं, "स्पीकर कशाला पाहिजे? मागच्या गल्लीतली बाई पोटुशी हाय, अंगात रक्त न्हाई म्हणून पांढरीफटक पडली. ते दिसंना का कुणाला?" पुरुष मंडळींनी तोंडं वाकडी केली. माझी जीभ तिखट आहे, हे वस्तीला ठाऊक आहे. शेवटी बायकांनीच ठरवलं, स्पीकर राहू द्या, आधी हिचं बाळंतपण नीट होऊ द्या.

ती आणि तिचा नवरा दोघंही रोजानं कामाला जाणारे. पदरात एक पोरगी, पहिलीत जाणारी. त्यानंतरची दोन पोटात टिकली नव्हती. नांदेडलाच बाळंतपण करा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं. ती मला म्हणायची, "अक्का, तिथं राहायचं म्हंजे दोघांचा बी रोज बुडला. मग खायचं काय?" सरकारी दवाखाना फुकट असतो म्हणणाऱ्यांनी एकदा तिथं पेशंटच्या उशाशी बसून बघावं. जायची गाडी, सोबतच्या माणसाचं जेवण, घरी राहिलेल्या लेकराचं पोट, हे कोण फुकट देतो? मला अजूनही संताप येतो.

मग आम्ही कंबर कसली. विहारातल्या बायका आळीपाळीनं तिला डबा द्यायला लागल्या. अंडी, पालेभाजी, शेंगदाण्याचे लाडू. मशिदीच्या कमिटीकडं एक गाडी होती. विचारायला गेले तर तिथले चाचा उलट माझ्यावरच रागावले, "विचारायचं काय त्याच्यात? कळा लागल्या की फोन करा, बस." नांदेडला सोबतच्यांच्या जेवणाची फिकीर नव्हती, गुरुद्वाऱ्याच्या लंगरात कुणी जात विचारत नाही. रक्त द्यायला वस्तीतली पोरं तयार झाली. एवढं सगळं जमलं तेव्हा मला वाटलं, आता हिला काही होत नाही.

पौर्णिमेच्या सकाळी तिला कळा लागल्या. गाडी लगेच आली. नवरा आणि रक्त देणारी पोरं गाडीत बसली. पोरगी तिच्या पदराला धरून उभी होती. तो हात सोडवून तिनं माझ्या हातात दिला आणि कण्हतच म्हणाली, "हिच्याकडं बघा, अक्का."

दुपारी विहारात वंदना झाली. पौर्णिमेची खीर चुलीवर होती. तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. मागं नुसता कल्ला, आवाज तुटत होता. "अक्का, सुटली," एवढं म्हणून तो रडायला लागला. मी ओरडले, "पोरगा का पोरगी?" तो म्हणाला, "पोरगा." फोन कट झाला.

आमच्याकडं बाई बाळंत झाली की सुटली म्हणतात. मी तिथंच जाहीर केलं, "बाई सुटली गं! पोरगा झाला!" बायकांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांनी तोंडं वाकडी केली होती तेही हसत पुढं आले. पोरीला मी मांडीवर घेतलं आणि म्हटलं, "तुला भाऊ झाला, बाई. खा आता पोटभर." ती लाजत लाजत खीर खायला लागली.

दिवस कलताना पुन्हा फोन आला. आता आवाज नीट होता. "अक्का, घरापुढची जागा तेवढी झाडून ठिवा. आम्ही निघालो, मयत घिऊन."

"कुणाची मयत?"

तो म्हणाला, "दुपारीच सांगितलं न्हाई का तुम्हाला, सुटली म्हणून?"

हाल हाल होऊन बाई गेली की तिलाही आम्ही सुटलीच म्हणतो. बाळ झालं आणि रक्त थांबेना. पोरांनी रक्त दिलं, डॉक्टरांनी हात टेकले. बाळ जगलं, ते तिथंच दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलं होतं. सोबतच्या पोरांना वाटलं, त्यानं आम्हाला कळवलंय.

पोरीला सांगायचं काम माझ्यावरच आलं. दुसरं कोण सांगणार? विहाराच्या पायरीवर तिला जवळ घेतलं आणि सांगून टाकलं. मला वाटलं होतं ती हंबरडा फोडेल. ती रडलीच नाही. आमच्याकडं मयताच्या घरी कुणी गोडाला हात लावत नाही, एवढं त्या लेकराला कळत होतं. तिनं हळूच विचारलं, "मावशी, मी खीर खाल्ली, तवा आई मेली हुती का?"

खिरीची दुसरी वाटी तिला नकोच होती. ती मीच भरवली होती.