फोटोतला माणूस तिचा कोण?

मंडळी, परवा पेपर आहे. वयात बसणारी ही माझी शेवटची भरती, आणि गेल्या वेळी मी रीझनिंगमध्येच घसरले होते. त्यामुळे आज शाहपुऱ्यातल्या क्लासमध्ये शेवटच्या सराव परीक्षेला बसले तेव्हा घड्याळ समोरच काढून ठेवलं होतं.

नात्यांचा प्रश्न आला. फोटोतल्या पुरुषाकडे बोट दाखवून एक बाई म्हणते, "याची आई माझ्या वडिलांची एकुलती एक बहीण आहे." तर तो तिचा कोण? वेळ पळत होता. मी 'पती'वर खूण केली आणि पुढे गेले.

उत्तरं सांगताना सर थांबले. "ये पति किसने लगाया? अरे, बुआ का लड़का भाई होता है."

आत्याचा मुलगा नवरा म्हटल्यावर वर्ग हसला. मागून कोणीतरी "छी" म्हणालं.

माझी आई म्हणजे बाबांची सख्खी मामेबहीण. आमच्या नागपूरकडे असं लग्न चालतं, इथल्या हिंदी मुलखात नाही. पण मी मान खाली घालून 'पती'वरची खूण खोडली.

मिसरोदला घरी आल्यावर आईला तोच प्रश्न विचारला. मेथी निवडता निवडता ती म्हणाली, "नवरा. त्यात विचारायचं काय?"

परवा हा प्रश्न आला तर मी 'भाऊ'च निवडणार. नोकरी हवी आहे. पण ती "छी" माझ्या आईला होती आणि मी मान खाली घालून ऐकून घेतली, हे दुपारपासून सलतंय.

तुम्ही असता तर बोलला असता का?