मडक्यांचं छत

कुणाच्याही मोकळ्या प्लॉटवर गेली की मावशी आधी उदबत्ती पेटवायची. जमिनीत खोचायची, दोन पावलं मागे सरायची आणि धुराकडे एकटक बघत राहायची. लोकांना वाटायचं पूजा चालली आहे. कुणी कुणी चप्पलही काढायचं. धूर कुठे वळतो ते पाहून झालं की ती म्हणायची, "हं. हवा इकून येऊन राह्यली. खिडकी इथंच."

तिचं नाव सांगत नाही. तिला आवडणार नाही, आणि आमच्या वाशीमकडच्या मालेगावात तिला मावशी म्हणूनच ओळखतात.

वाशीम रोडवर माझं घरांचे नकाशे काढायचं छोटं ऑफिस आहे. मावशी पहिल्यांदा आली ती भाजीबाजार उठल्यावर, रिकामी टोपली काखेत घेऊन. नवरा-बायको गावाबाहेर वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवतात. त्या उन्हाळ्यात त्यांच्या टिनाच्या घरात तिची सासू भर दुपारी बेशुद्ध पडली होती. दवाखान्यातून परत आली, पण म्हातारी घरात पाय ठेवेना. मळ्यातल्या लिंबाखाली खाट टाकून राहायला लागली.

"साहेब, मले असं घर पायजे का बुढी वैशाखात दुपारी आत झोपली पायजे," मावशी म्हणाली. "अन् पंख्याबिगर. लाईनचं तं तुमाले मालूमच हाय."

मी माझा नेहमीचा नकाशा काढून दिला. रस्ता पश्चिमेला, म्हणून तिकडे मोठी काचेची खिडकी. मावशीनं तिच्यावर बोट ठेवलं.

"हे काहून?"

"शोभेसाठी. रस्त्यावरून घर चांगलं दिसतं."

"पश्चिमेले खिडकी? उन्हाले घरात बलावून चहा पाजाचा हाय का मले?"

मी गुपचूप रबर उचललं. कॉलेजात हे सगळं मी शिकलो होतो, परीक्षेत लिहून आलो होतो आणि विसरलो होतो. पश्चिमेला न्हाणी आणि कोठीची खोली गेली, तिकडची भिंत जाड झाली, खिडक्या उत्तर-दक्षिणेला समोरासमोर आल्या, त्यांच्यावर रुंद छज्जे आले.

भिंतींसाठी भट्टीच्या विटा नकोत, मातीत थोडं सिमेंट घालून हातमशीननं दाबलेल्या, उन्हात वाळवलेल्या विटा घेऊ, असं मी सुचवलं. मावशीनं उत्साहानं स्वतःच्या मळ्यातली काळी माती वापरली. आठवड्यात विटांना भेगा पडल्या. मला वाटलं, आता ही मला शिव्या घालणार. तिनं एक वीट उचलली, स्वतःच्या टाचेजवळ धरली आणि हसत सुटली. "पाहा साहेब, जुळ्या बहिनी!"

मग ती शोधाला लागली. कुठे विहीर खणली, कुठे जुनं घर पाडलं, की मावशी तिथली मूठभर माती लोणच्याच्या बरणीत भरून आणायची. पाणी घालून हलवायची, रेती किती खाली बसते ते बघायची. माझ्या टेबलावर फायलींपेक्षा बरण्या जास्त झाल्या. शेवटी गावठाणातली एक पांढरी माती जमली. तिची वीट मावशीनं दिवसभर बादलीत बुडवून ठेवली आणि तशीच थेंब गाळत ऑफिसात आणली. कडासुद्धा झिजल्या नव्हत्या. मावशीनं ती माझ्या हातात अशी दिली, जशी सुईण बाळ देते.

छताची कल्पना माझी, आणि भीतीही माझीच. स्लॅबच्या खालच्या थरात, सळयांच्या मधे पालथी मडकी बसवायची. तेवढं सिमेंट वाचतं आणि मडक्यांतली हवा उन्हाचा ताप अडवते. मी असं छत फक्त फोटोत पाहिलं होतं. मावशी कुंभाराकडे दिवसभर बसली. प्रत्येक मडकं कानाशी धरून बोटानं वाजवायची. आवाज फुटका आला की बाजूला.

मिस्त्री डोक्याला हात लावून म्हणाला, "मावशी, घर बांधून राह्यल्या का पानपोई?"

"तू टाक तं खरं! बांधून झालं का तुलेच पाजतो पानी."

छताखालचं सेंट्रिंग काढायच्या दिवशी निम्मी गल्ली जमली. मडकी डोक्यात पडणार, हे सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. मी हिशेब तीनदा तपासले होते, तरी खिशातला कागद चौथ्यांदा उघडला. टेकूची शेवटची बल्ली निघाली, मिस्त्री बाहेर आला. आत कुणी जाईना. मावशीनं माझं मनगट धरलं.

"नकाशा तुमचा, मडके माहे. चला आत."

आम्ही मधोमध जाऊन उभे राहिलो. वर मडक्यांची गोल तोंडं, ओळीनं, शांत. तेवढ्यात सासू काठी टेकत आत आली, वर पाहून म्हणाली, "अवं माय! इतकी तोंडं? याइले खायाले कोन घालन?"

सगळी गल्ली हसली. मिस्त्री तर उंबऱ्यावरच बसला.

पुढच्या वैशाखात एका दुपारी मी तोंडाला दुपट्टा गुंडाळून मोटारसायकलवर तिथे गेलो. मावशीनं दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. आत सासू चक्क घोरत होती. पंखा बंद.

"लावला का उठते," मावशी कुजबुजली. "म्हने, बंद कर, अंग गारठते." एवढं बोलून ती हसली, आणि हसता हसताच तिनं पदर डोळ्यांना लावला. मी दुपट्टा सोडायच्या निमित्तानं तोंड फिरवलं.

आता मावशी घरी सापडत नाही. विचारलं तर सासू म्हणते, "ते कायची घरी राह्यते! कालच अनसिंगले गेलती." कुणाच्या भिंती, कुणाची मडकी; बोलावणी येतच असतात. मळा नवरा बघतो आणि तक्रार करत नाही.

परवा स्टँडवर दिसली. रिठदला कुणाचं तरी घर बांधायचं निघालं होतं, त्यांना माती कशी हवी ते दाखवायला निघाली होती. मातीच्या बरण्यांची जड पिशवी मांडीवर घेऊन बसमध्ये खिडकीशी बसलेली. कंडक्टरनं पिशवीकडे बघून विचारलं, "बाई, काय हाय यात?"

"घर हाय, भाऊ," मावशी म्हणाली. "बांधाचं तेवढं बाकी हाय."

कंडक्टरनं घंटी मारली.