म्हातारीचा काटा

आमच्या जुन्या बिल्डिंगीतलं कुणी पनवेलच्या बाजारात भेटलं की भाजीवाल्यासमोर मला विचारतं, "काय वहिनी, आज कोणाचा खून?" भाजीवाला दचकतो. मी कोथिंबीर निवडत राहते. आता तुमच्यापासून काय लपवायचं? चहा घ्या, बिस्किट घ्या आणि हसायचं असेल तर शेवटी हसा. त्या दुपारी मला हसू येत नव्हतं.

हे तेव्हा तळोज्याला एका कारखान्यात होते. दुसरी पाळी असली की दुपारचे गेलेले थेट रात्री यायचे. मुलगी लग्न होऊन साताऱ्याला गेलेली. आम्ही मूळचे वाईकडचे, पनवेलात नवखे. दिवसभर एकटी बाई करणार काय? शेजारी कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या, एवढ्यावर किती दिवस काढायचे? म्हणून वाचनालय लावलं.

पण माझं शिक्षण सातवी. मोठ्यांच्या कादंबऱ्यांतलं वाक्य एकदा सुरू झालं की पान उलटलं तरी संपायचं नाही. मग एक दिवस परत आलेल्या पुस्तकांच्या ढिगात एक पुस्तक दिसलं. वर बॅटरी घेतलेली मुलगी, आत मोठं टाइप, आणि पहिल्याच पानावर मुडदा. उभ्या उभ्या चार पानं वाचली आणि घरी येईपर्यंत तीनदा मागे वळून पाहिलं.

ते होतं नववी-दहावीतल्या पोरापोरींसाठीच्या खूनकथांतलं पुस्तक. वाचनालयातले काका म्हणाले, हा विभाग मुलांचा आहे. मी म्हटलं, भाची आलीय शिकायला. ती भाची माझ्याकडे वर्षभर राहिली. रोज एक पुस्तक फस्त करायची. बिचारी अजून जन्माला यायची होती.

भीती वाटायची का म्हणता? मी पाठ भिंतीला लावून वेणी घालू लागले. पाण्याच्या पिंपाचं झाकण उघडून बघितल्याशिवाय जेवायला बसत नसे. कारण त्या पुस्तकांत एक गोष्ट ठरलेली. मिशा पिळणारा, डोळे वटारणारा माणूस खून कधी करत नाही. करतो तो सगळ्यांची विचारपूस करणारा, दारी आलेल्याला पाणी देणारा, गोड बोलणारा. आमचे हे कधी गोड बोलत नाहीत, त्यामुळे त्यांच्या बाजूनं मी निर्धास्त होते.

पण शेजारची वत्सला फार गोड बोलायची.

वत्सला आणि तिचा नवरा दामू, दोघं उलव्याकडची. दामू न्हावा शेव्याच्या बंदरावर ट्रेलर चालवायचा, त्यामुळे घरी कधी असेल याचा नेम नाही. आणि त्यांची म्हातारी, दामूची आई, हौसाआजी. ही माझी खरी मैत्रीण. तोंडात दात नाही, पण कान तिखट. दुपारी गॅलरीत खुर्ची टाकून बसायची. मी माझ्या उंबऱ्यावर बसून तिला वाचलेली गोष्ट सांगायची. तिला अक्षर येत नव्हतं, पण प्रश्न मात्र फौजदारासारखे. मुडदा सापडला म्हटलं की विचारायची, "चपला कुठं व्हत्या?" आणि मला पुस्तक उघडून चपला शोधाव्या लागायच्या.

आजीचं सुनेशी काही पटायचं नाही. मासे नीट शिजवत नाही, टीव्ही मोठा लावते. रोजचं पालुपद होतं, ही मना एक दिवस मारून टाकील. मी कानाआड करायची. सगळ्याच सासवा म्हणतात.

आणि एके दिवशी आजीची खुर्ची रिकामी.

दुसऱ्या दिवशीही रिकामी. वत्सलाला विचारलं तर म्हणाली, बरं नाय तिला. आणि गोड हसली. ते हसू मला घरी येऊनही दिसत राहिलं.

तिसऱ्या दुपारी हे कामावर गेले आणि मी मागच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होते. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी तिथंच उघडते. मुद्दाम कान देत नव्हते हो. दोरीच तिथं बांधलेली. आत दामूचा आवाज आला.

"म्हातारीचा काटा काढलास काय?"

"काढला," वत्सला म्हणाली. "सकालीच."

"मागल्या टायमासारखी बोंबलली तर?"

"आता नाय बोंबलत."

"नि बाकीचं?"

"तुकडे केले, डब्यात घालून फ्रिजमधी ठेवले. रगत लय निघालं. मोरी दोनदा धुवावी लागली."

माझ्या तोंडात कपड्यांचा चिमटा होता, म्हणून किंकाळी बाहेर पडली नाही. हातातलं धोतर खाली शिंप्याच्या पत्र्यावर पडलं, ते पडलं. मी तशीच खाली बसले आणि बसल्या बसल्या सरकत घरात आले.

काटा काढला! पुस्तकात तिसऱ्या पानाला हे वाक्य असतं. आणि इथं भिंतीच्या पलीकडे माझी हौसाआजी डब्यात. मला तिचे ते पांढरे केस आठवले, चपलांचे प्रश्न आठवले. रडू यायला हवं होतं, पण भीतीनं तेही येईना.

पण पुस्तकातली ती बॅटरीवाली मुलगी काय करते? पुरावा बघते. मी देवाला हात जोडले, वाटी घेतली आणि विरजण मागायला म्हणून त्यांचं दार वाजवलं.

दार थोडंसंच उघडलं. वत्सला. पदर खोचलेला, मनगटापर्यंत हात ओले, पातळाच्या काठावर लाल ठिपके. मी वाटी पुढे केली. दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. विचारलं, आजी कुठायत?

"झोपलीय," ती हळूच म्हणाली. "आता नाय उठायची ती."

तिनं माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं, जिन्याकडे पाहिलं आणि विचारलं, "भावजी गेले कामावर? तुमी एकट्याच हाव ना?"

मी हो म्हणाले. का म्हणाले? पुस्तकात कुणी असं हो म्हटलं की मी स्वतः ओरडायची, अगं मूर्ख मुली, हो काय म्हणतेस!

"मंग मी येते थोड्या येलानं," वत्सला म्हणाली. "तुमच्याशी बोलायचंय. एकटीशीच."

विरजण न घेताच मी घरात शिरले. कडी लावली, बोल्ट लावला, दाराला गव्हाचं पिंप लावलं. पिंप हलकं वाटलं म्हणून त्यावर पाटा ठेवला. एका हातात वरवंटा घेतला आणि दुसऱ्या मुठीत तिखट. मग घाम पुसला. कुठल्या हातानं पुसला ते डोळ्यांना लगेच कळलं.

तेवढ्यात दार वाजलं. डोळ्यांतून धारा लागलेल्या, समोरचं काही दिसत नाही आणि बाहेरून तो गोड आवाज.

"वहिनी, उघडा. कुनाला कलायला नको."

आता सांगा, तुम्ही काय केलं असतं? मी मागच्या गॅलरीत धावले. बिल्डिंगीत फोन एकच, तो खाली शिंपी मास्तरांच्या दुकानात आणि फोनच्या डायललाही कुलूप. म्हणून मी वरूनच जीव खाऊन ओरडले, मास्तर धावा, म्हातारीचा खून केलाय, आता माझी पाळी आहे!

मास्तर गळ्यातल्या टेपसकट धावत आले. त्यांच्या मागे माप द्यायला आलेला एक अर्ध्या बाहीचा माणूस, वरच्या मजल्यावरच्या कुलकर्णीबाई आणि जिना भरेल एवढी मंडळी. धीर आला तसं मी पिंप सरकवून बाहेर आले. लाल डोळे, हातात वरवंटा, तोंडावर तिखट. खुनी कोण, हे कुणी न सांगता सगळ्यांनी माझ्याकडेच पाहिलं.

वत्सला पायरीपाशी उभी होती. दामूही बनियनवर बाहेर आला होता. मी बोट दाखवून सांगितलं, फ्रिज उघडा, डब्यात आजी आहे.

मास्तरांनी दामूकडे पाहिलं. दामूनं खांदे उडवले. सगळी वरात आत गेली. फ्रिजमधून स्टीलचा डबा निघाला. झाकण काढताना मी डोळे मिटले. कुलकर्णीबाईंनी नाकाला पदर लावला.

"अहो, हा तर जिताडा," मास्तर म्हणाले.

जिताडा हा इकडच्या खाडीतला मोठा मासा. वत्सलाच्या भावानं उलव्याहून पाठवला होता. त्याचे मऊ तुकडे वेगळे ठेवले होते, एकेक काटा काढून, म्हातारीसाठी. मागच्या वेळी तिच्या घशात काटा अडकला होता आणि तिनं बिल्डिंग डोक्यावर घेतली होती म्हणे. म्हातारीच्या वाटणीच्या माशाचा काटा. माझ्या सासरी तीन पिढ्यांच्या माळा, अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. माशाला काटा असतो हे मला ऐकून माहीत होतं, पण तो कुणी कुणासाठी काढून ठेवतं हे कुठून माहीत असणार?

तेवढ्यात या गोंधळानं आतल्या खोलीतून हौसाआजी भिंत धरत बाहेर आली. जिवंत. पण काय झाली होती ती! गाल बसलेले, डोळे खोल गेलेले. तरी तिनं पहिला प्रश्न केला तो हाच, "कुनाचा खून झाला?"

"तुमचाच, आजी," अर्ध्या बाहीचा माणूस म्हणाला.

आजीनं जराही नवल केलं नाही. सुनेकडे मान वळवून म्हणाली, "केलास ना शेवटी?"

सगळे हसले. जिन्यातले लोकसुद्धा हसले. वत्सला हसली नाही. ती तिथंच खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली.

मग कळलं, ती माझ्याकडे कशाला येत होती. आजीची समजूत काढा, एवढंच गुपचूप सांगायला. म्हातारी तीन दिवस जेवली नव्हती. सुनेच्या हातचं पाणीसुद्धा घेत नव्हती, दामूनं नळाखाली धरलेला तांब्याच तेवढा चालायचा. रात्रभर टक्क जागी, सूनबाईवर डोळा ठेवून, आणि दिवसा ग्लानीत पडलेली. डॉक्टर म्हणाले होते, आज पोटात काही गेलं नाही तर दवाखान्यात न्यावं लागेल. आणि हे सगळं कशानं? शेजारच्या वहिनींनी गोष्ट सांगितली होती, एका सुनेनं सासूला कालवणातून विष घातलं. आणि ती सून कशी, तर फार गोड बोलणारी.

"माज्याकडनं काय वाईट बोलवत नाय वहिनी," वत्सला हुंदके देत म्हणाली. "आता कालपासून मी मुद्दाम वाकडं बोलते, तरी ती खात नाय."

मी वरवंटा हळूच मागे लपवला. पुस्तकात कालवण नव्हतंच हो. सूप होतं. पण आजीला सूप म्हटलं तर तिला तांदूळ पाखडायचं सूप वाटेल आणि सुपातून विष कसं घालतात हे विचारत बसेल, म्हणून मी आपलं त्याचं कालवण केलं. तीन पुस्तकांत शोधून सापडणार नाही असा खुनी त्या बिल्डिंगीत खरंच होता, आणि तो तिखट चोळलेल्या डोळ्यांनी उभा होता.

मी आजीपुढे बसले. सांगितलं, ती गोष्ट खोटी, मी बदलली होती. आजी म्हणाली, ती खोटं बोलायला लावत असंल तुला. मी वत्सलाची शपथ घेतली, माझी घेतली, साताऱ्याच्या लेकीची घेतली. आजी हलेना. दामूनं भात कालवून ताट आणलं. वर कालवण, कालवणात तो काटा काढलेला तुकडा. आजीनं ताट माझ्याकडे सरकवलं.

"आदी तू खा."

बिल्डिंगीत सगळ्यांना ठाऊक होतं आमच्या घरचं. वत्सला डोळे पुसत म्हणाली, त्या माळकऱ्यांच्या घरच्या हायेत, त्यांना नको. पण आजीची भुकेली नजर ताटावरून हटत नव्हती. मी स्वतः काही माळ घातलेली नव्हती. पण सासूबाईंचा फोटो डोळ्यांसमोर आला आणि त्यानं माझ्याकडे पाठ फिरवली.

मी घास घेतला. गिळला. चव काय होती ते विचारू नका, आणि यांनाही सांगू नका. एवढंच सांगते की दुसरा घास मला कुणी घ्यायला लावला नव्हता.

आजी माझ्या तोंडाकडे एकटक बघत होती. मास्तर, कुलकर्णीबाई, अर्ध्या बाहीचा माणूस, सगळे माझ्याकडेच बघत होते. मी उगाच खोकलेसुद्धा नाही. बराच वेळ गेला. मग आजीनं ताट आपल्याकडे ओढलं आणि नाराजीनं सुनेला म्हणाली,

"नाय मेली. वाढ मना."