भानामतीवालीचा खरा आवाज

चार माणसं, एक माईक आणि भिंतींना टेकवलेल्या गाद्या. एवढ्या सामानावर वर्षभर गोष्ट रेकॉर्ड करत बसलं तर किस्से होणारच! आता जमलो की आम्ही तेच किस्से एकमेकांना पुन्हा पुन्हा सांगतो, पोट धरून हसतो. आणि हसता हसता आमच्यातलं कुणीतरी उठतं आणि दाराची कडी लागली आहे ना, ते बघून येतं.

आम्ही म्हणजे मी, इम्रान, प्रज्ञा आणि ओमकार. कॉलेज संपलं होतं, नोकऱ्या लागत नव्हत्या आणि एका गोष्टीची चीड येत होती. चेटकीण आणि तिचा वैरी, आधी एकमेकांच्या जिवावर उठलेले, मग एकमेकांवर जीव टाकणारे, अशा गोष्टी आमची धाकटी भावंडं मोबाईलवर इंग्रजीत वाचत होती. अर्धं कळत नव्हतं, तरी वाचत होती. मराठीत का नाही? आपल्या केळीच्या बागेत, आपल्या शिवारात का नाही?

म्हणून आम्ही मोबाईलवर ऐकायची मालिका काढली. निळाई नावाची चेटकीण आणि तिला पकडायला निघालेला सर्जेराव. निळाईचा आवाज प्रज्ञाचा, सर्जेरावचा ओमकारचा. मी लिहायचे, इम्रान रेकॉर्डिंग करायचा.

* * *

इम्रानची खोली लातुरात, एका डाळमिलच्या मागे. मिल चालू असली की माईकमध्ये नुसती घरघर. मग आम्ही वीज जायची वाट बघायचो! लाईट गेली की सगळी गल्ली शिव्या द्यायची आणि आमच्या खोलीतून टाळ्या ऐकू यायच्या. पंखा बंद, खिडक्या बंद, घामाच्या धारा, आणि त्यात ती दोघं भांडायची. गोष्टीत नाही, खरंखुरं!

"तुझी चेटकीण बोलत नाही, भाषण देते," ओमकार म्हणायचा.

"आणि तुझा सर्जेराव नुसता मिशीला पीळ देतो."

"मिशी म्हणजे त्याचं कॅरेक्टर आहे!"

"मग मिशीलाच बसव माईकसमोर. तू घरी जा!"

तेवढ्यात लाईट यायची. मिल सुरू. पुन्हा वाट बघा!

* * *

सगळ्यात मोठं भांडण एका शब्दावरून झालं. प्रज्ञा म्हणाली, "चेटकीण हा शब्द काढून टाका. त्याला कुणी भीत नाही. चेटकीण पुस्तकात असते, झाडूवर बसते. आपल्याकडे भानामती असते. दोरीवरचे कपडे पेटतात, भाकरीत माती निघते, आणि सगळे शेजारणीकडे बघतात."

ओमकारचा चेहरा उतरला. "भानामती नको. आमच्या गावात हा शब्द काढला की लोक दारं लावून घेतात."

"म्हणूनच पाहिजे! ज्या शब्दानं बायकांना मारलं, तोच शब्द माझी नायिका ताठ मानेनं बोलेल."

मला हे इतकं पटलं की मी पहिला हात वर केला. तिघं विरुद्ध एक.

ओमकार म्हणाला, "बहुमतानं मरणार आपण."

आम्ही खूप हसलो.

* * *

निळाई केळीच्या बागेतून चालते, म्हणून वाळलेली पानं हवी होती. प्रज्ञा अर्धापूरची. तिनं पोतंभर पानं एसटीत घातली. कंडक्टरनं तिकिटाआधी पोत्याकडे बोट दाखवलं.

"काय हाय त्यात?"

प्रज्ञा थकलेली, उन्हात तास दीड तास उभी राहिलेली. म्हणाली, "भानामतीचं सामान!"

शेजारच्या आजीबाई उठल्या. पुढचं बाक उठलं, मागचं उठलं. उभं राहायला जागा नसलेल्या गाडीत प्रज्ञा लातूरपर्यंत पाय पसरून आली!

मी हसून हसून खाली बसले. प्रज्ञा हसली नाही. "एक जण उठताना माझा फोटो काढून गेला," ती म्हणाली.

* * *

सर्जेराव निळाईच्या गळ्याला कोयता लावतो, तो प्रसंग. कानाला हेडफोन लावून इम्रान ऐकत होता. मधेच त्यानं मला कोपरानं ढोसलं.

"शुभे, इथं कट कुठं मारू? दोघांचा श्वास एकदमच थांबून राहिला!"

मी म्हटलं, "ॲक्टिंग आहे."

"ॲक्टिंग असती तर सीन संपल्यावर सुरू झाला असता ना श्वास!"

प्रज्ञाचं घर बौद्ध, ओमकारचं पाटलांचं. आमच्याकडे याहून जास्त काही सांगावं लागत नाही, याचाच मला संताप येतो. मला पेढे वाटावेसे वाटत होते. इम्राननं मात्र आधी खिडकी लावली.

* * *

ओमकारच्या काकांचं लातूरच्या मार्केट यार्डात आडत दुकान. एकदा त्यांनी दोघांना चहाच्या टपरीवर गाठलं.

"ही कोणाची पोरगी?"

ओमकार इतका गडबडला, की म्हणाला, "निळाई!"

"ते नाव झालं. आडनाव?"

"तिला... तिला आडनाव नाहीये काका. ती भानामती करते."

मी असते तर तिथेच फुटले असते. काका हसले नाहीत. त्यांनी चहाचे पैसे दिले, तिचेसुद्धा. मग पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "परत दिसली तर आडनाव विचारणार न्हाई मी."

तेव्हापासून दोघं फक्त वीज गेल्यावर भेटायची.

* * *

मग तो दिवस आला. इम्रानची अम्मी, आमची खाला, मोबाईल नाचवत खोलीत शिरली. मैत्रिणीनं पाठवलेली क्लिप होती. वर लिहिलेलं, 'भानामतीवालीचा खरा आवाज. पोराबाळांना जपा.' आणि खाली आमची निळाई! "माझ्या उंबऱ्यावर पाय ठेवून बघ. दोरीवरची लुगडी पेटतील तुझी. मी भानामती आहे!" संगीत कुणीतरी कापलेलं, मालिकेचं नाव कापलेलं.

खाला म्हणाली, "अरे, भानामती कसली! ही तर चहा फिका झाला म्हणून माझ्यावर रुसणारी पोरगी!"

आम्ही लगेच खुलासा पाठवला. ही गोष्ट आहे, कृपया पुढे पाठवा. तो खुलासा चौघांनी उघडला. चौघं म्हणजे आम्हीच!

* * *

प्रज्ञाची आत्या इस्लापूरच्या पुढे एका खेड्यात एकटी राहते, अंगणवाडीत मदतनीस आहे. गावाचं नाव मी घेत नाही. आत्याचा आणि प्रज्ञाचा आवाज इतका सारखा, की फोनवर प्रज्ञाचे वडीलसुद्धा फसतात. आणि गावात कुणाची तरी दोरीवरची साडी पेटली होती.

आत्याचा फोन आला. ती रडत नव्हती, त्यानंच आम्ही जास्त घाबरलो.

"प्रज्ञू, पोरं येईना गेली अंगणवाडीत. बोअरवर गेले तर बाया घागरी उचलून निघून जातेत. भगत म्हणून राहिला की मंत्र दातात असतेत, दात काढले की भानामती उतरते. उद्या दुपारी चावडीवर बोलावलंय मला." मग जरा थांबून म्हणाली, "लोक माझ्या तोंडाकडं बघून बोलून राहिलेत गं. दातांकडं."

आम्ही पोलिसांना कळवलं. कायदा आहे, जीप निघते म्हणाले. जीप निघते म्हणजे निघालेली नसते. पहाटे आम्ही चौघं एसटीत होतो.

* * *

चावडीवर सगळं गाव. आत्या मधोमध जमिनीवर, पदर ओठांवर घट्ट धरून. शेजारी भगत. त्याच्यासमोर फडक्यावर एक पक्कड. सायकलच्या दुकानात असते तसली साधी पक्कड! अजून ती डोळ्यांसमोरून हलत नाही.

प्रज्ञा पुढे झाली. "तो आवाज माझा आहे. ती गोष्ट आहे, निळाई नावाच्या बाईची खोटी गोष्ट!"

"आत्याला वाचवायला खोटं बोलून राहिली," भगत म्हणाला.

सरपंचांनी मोबाईल काढला, रेकॉर्डिंग सुरू केलं. "गोष्ट हाय म्हणता? मग करून दाखवा इथं. आणि पुढं काय होतं तेबी दाखवा. पुढचं मोबाईलवर आलेलं न्हाई."

प्रज्ञानं सुरुवात केली. "माझ्या उंबऱ्यावर पाय ठेवून बघ..." तोच आवाज, तसाच. बायांनी लेकरांची डोकी पदराखाली घेतली. माणसं दोन पावलं मागे सरली.

"बघा! हिच्यातबी हाय!" भगत ओरडला आणि त्यानं पक्कड उचलली.

म्हणजे आम्ही एकीला सोडवायला आलो आणि दुसरी हातात दिली! इम्रान माझा दंड धरून उभा होता, की मी त्याचा, आठवत नाही.

आता सर्जेरावची पाळी. पुढच्या भागात तो कोयता टाकतो आणि निळाईला म्हणतो, "हे निळाई, तुझ्या जादूपुढे माझे शस्त्र हरले." मीच लिहिलेलं वाक्य. ओमकार भगताच्या आणि प्रज्ञाच्या मधे जाऊन उभा राहिला. गाव बघतंय. भगत एक पाऊल पुढे आला.

"प्रज्ञा," ओमकार म्हणाला. "मला लई भेव वाटून राहिलं. तुझं न्हाई. तुझ्याबिगर जगायचं."

मग पुढच्या रांगेतली एक म्हातारी पदर तोंडाला लावून खुदकन हसली. "अगं बया! हे तर लफडं हाय!"

एक हसली, दुसरी हसली, मग हसू सगळ्या चावडीभर झालं. कुणीतरी भगताला म्हणालं, "महाराज, ठेवा ती पक्कड. ह्या रोगावर दात काढून उपेग न्हाई!" एका बाईनं आत्याला हाताला धरून उठवलं. आत्यानं तोंडावरचा पदर बाजूला केला.

सरपंचांनी मात्र मोबाईल खाली घेतला नव्हता.

"पोरा, नाव चुकलं की तुझं. त्या बाईचं नाव निळाई सांगितलं ना? परत एकदा म्हण. ती क्लिप जिथं जिथं गेली, तिथं तिथं ही पाठवायची हाय. नांदेड, लातूर, सगळ्या ग्रुपवर."

ओमकारनं प्रज्ञाकडे पाहिलं. तिनं हळूच मान हलवली. हो की नाही, ते मला अजून कळलेलं नाही.

"चुकलं न्हाई," तो म्हणाला. "हेच पाठवा."