दहा आणले, चौदा मेले

मास्तरांचं गणित उभ्या आयुष्यात चुकलं नव्हतं. चुकून चालेल कसं? शिंप्याचं गणित चुकलं की गिऱ्हाइकाची बगल काचते, आणि काचलेली बगल घेऊन गिऱ्हाईक भर दुकानात हात वर करून दाखवतं. चाळीस वर्षं पाव इंच इकडचा तिकडे होऊ दिला नाही त्या माणसाने. आणि आता म्हातारपणी असं गणित समोर येऊन बसलं की त्यांना स्वतःच्या डोक्याचाच संशय यायला लागला. काचेच्या पेटीत झिंगे आणले होते दहा. मेले चौदा. आणि एवढं होऊन दोन-तीन झिंगे आत मजेत फिरत होते.

पेटी तशी मास्तरांची नव्हेच, लेकीची. लेकीला सगळी गल्ली चिंगी म्हणायची, कारण जन्मली तेव्हा मूठभर होती. पुढे ती बापाच्या खांद्याला लागली, पाण्याच्या शास्त्रात शिकून मोठी झाली, पण नाव काही वाढलं नाही. आई गेली तेव्हा ती सात वर्षांची होती. मास्तरांनी तिला मशीनच्या पायाशी बसवून वाढवलं. कापडाचे तुकडे हीच तिची खेळणी. काज करायला ती नवव्या वर्षी शिकली, आणि बापापेक्षा बारीक करायची. मास्तर हे येईल त्याला सांगायचे, न विचारता सांगायचे.

कॉलेजात असताना तिने ही पेटी मांडली. कापायच्या टेबलाच्या खिडकीकडच्या टोकाला, दोन फूट लांब काच. खाली माती, मातीवर वाळू, वाळूत झाडं. ना पंप, ना मोटर, ना ते दवाखान्यातल्यासारखे बुडबुडे. झाडंच पाणी राखतात म्हणे. आत करंगळीच्या पेराएवढे आठ मासे, पोटाखाली नारिंगी रेघ असलेले. जायच्या आधी तिने वहीचा कागद भिंतीला चिकटवला. दिवा आठ तास. खाणं चिमूटभर, दिवसाआड. पाणी कमी झालं तर आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवलेलं घालायचं, नळाचं थेट नाही. आणि सगळ्यात खाली दोन रेघा ओढून: बाकी काही करायचं नाही. बघायचं फक्त.

आता ती गेली कशी, ते सांगायला हवं. त्यात मास्तरांची बाजू घ्यायला मी काही बसलेलो नाही. पोरीला विचारलं नाही, सवरलं नाही, आणि या गृहस्थांनी दुकानाची पाटी नवी रंगवून आणली. जुन्या नावाखाली मोठ्या अक्षरात: ‘आणि कन्या’. रंग वाळायच्या आत चिंगीच्या हातात नोकरीचं पत्र आलं. दूरदेशी, दोन विमानं बदलून जायचं, बर्फाच्या गावात पाणी तपासायचं काम. मास्तर म्हणाले, “पाणी काय इथे नाही?” ती म्हणाली, “बाबा, मला शिवायला येतं. पण आवडत नाही.” पंधरा वर्षं मशीनच्या पायाशी बसलेल्या पोरीने हे आज सांगावं! मास्तरांच्या नाकावर तशीही माशी बसत नसे. त्यांनी बोलणंच टाकलं.

बोलणं टाकलं, पण कोट शिवायला घेतला. थंडीत पोरगी कुडकुडेल हे काही रागाला कळत नाही, हातांना कळतं. जाड लोकरी कापड, आतून तपकिरी अस्तर. आणि इथे मास्तरांनी नको ती गोष्ट केली.

शिवणीच्या आत जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, त्याला शिंपी माया म्हणतात. अंग वाढलं की उसवायचं, मायेतून सोडायचं, कपडा पुन्हा अंगाला होतो. चिंगीच्या शाळेच्या कपड्यांत मास्तर इतकी माया ठेवत की एकच झगा तिसरीपासून पाचवीपर्यंत चालला. बाई शाळेत विचारायच्या, आत अजून एक झगा शिवलाय का गं? त्याच मास्तरांनी निघायच्या आदल्या दिवशी तयार कोट उलटा केला, कात्री घेतली, आणि दोन्ही बाजूंच्या शिवणीतली माया दोऱ्याच्या काठापर्यंत कापून टाकली. तोंडाने एक शब्द नाही. इस्त्री करून कोट खुंटीला लावला. शिंप्याची पोर आहे, कधीतरी उलटून बघेल आणि समजेल, असा तो राग. कापलेल्या चार पट्ट्या मात्र त्यांच्याने टाकवल्या नाहीत. गुंडाळी करून बटणांच्या खणात ठेवल्या.

विमान आकाशात गेलं असेल-नसेल, तोवर त्यांना पश्चात्ताप झाला. पण सुंभ जळाला तरी पीळ जातो का? तीन वर्षं झाली. दर रविवारी सकाळी फोन यायचा. “मासे?” “आहेत.” “झाडं?” “वाढलीत.” “बरं.” की ठेवला. बाप-लेकीत बोलायला एवढी एक पेटी उरली होती, आणि मास्तर तिला डोळ्यांत तेल घालून जपत होते. पेटी मेली तर रविवारही मेला, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पाटीवरची ‘कन्या’ बघून नवीन गिऱ्हाईक विचारायचं, मुलगी कुठे असते? मास्तर तोंडात टाचण्या धरायचे. टाचण्या तोंडात असल्या की उत्तर द्यावं लागत नाही.

दोन महिन्यांपूर्वी मासेवाल्याचा माणूस पाण्याने भरलेली पिशवी घेऊन दारात उभा राहिला. आत दहा झिंगे, लालसर, तांदळाच्या दाण्याहून थोडे मोठे. चिंगीने तिथून सांगून पाठवले होते. त्या रविवारी फोन जरा लांबला. “शेवाळ खातात, बाबा. तुम्हाला करमणूक.” तीन वर्षांत तिने पाठवलेली ही पहिली वस्तू. मास्तरांनी त्या दिवशी दोनदा दाढी केली. सकाळी केलेली विसरले.

आणि पंधरा दिवसांत पहिला झिंगा मेला.

वाळूवर पडला होता, पांढरा पडलेला, मिशा-पायांसकट. मास्तरांनी चिमट्याने उचलला तर हाताला वजनच लागेना. फार वाईट वाटलं त्यांना. अस्तराच्या तुकड्यात गुंडाळला आणि दारातल्या कुंडीत पुरला. चार दिवसांनी दुसरा. मग तिसरा. रविवारी फोन आला की हे आपले, “आहेत, आहेत.” “किती दिसतात?” “दिसतात की. झाडांत लपतात.” आयुष्यात गिऱ्हाइकाला ‘उद्या देतो’ यापलीकडे खोटं न बोललेला माणूस, पोटच्या पोरीशी खोटं बोलायला लागला.

समोर चाव्या बनवणाऱ्याची टपरी. चावीवाला मास्तरांचा जुना दोस्त. साऱ्या गावाची कुलपं उघडतो, पण स्वतःच्या तोंडाला कुलूप नाही. तो रोज येऊन कुंडीकडे बघायचा.

“आज कोण वारलं?”

“नववा.”

“कुंडीला खत बाकी झकास मिळतंय. मास्तर, मी सांगू? पाणी शिळं झालंय. तीन वर्षांचं पाणी! आपण तरी कालचं पितो का?”

मास्तरांनी भिंतीवरच्या कागदाकडे बघितलं. बाकी काही करायचं नाही. पण समोर जीव जातायत आणि नुसतं बघायचं? हे कोणाला जमतं? ज्याच्या हातांनी चाळीस वर्षं काही ना काही केलंच, त्याला तर नाहीच नाही. त्यांनी तांब्या घेतला आणि पाऊण पेटी उपसली. बादलीत भरून ठेवायलाही थांबले नाहीत. नळाचं ताजं, थंडगार पाणी थेट ओतलं. काच लखलखीत झाली. चावीवाला म्हणाला, “बघा, कसं मोकळं वाटतंय सगळ्यांना!”

सकाळी दोन मासे पोट वर करून तरंगत होते, आणि वाळूवर पाच पांढरे झिंगे.

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. खुर्चीवर बसले ते दुकान उघडायचंही सुचेना. चावीवाला आला, त्याचाही चेहरा पडला. बोटांवर मोजत तो म्हणाला, “मास्तर, नऊ अधिक पाच चौदा. आणले दहा. मेले चौदा. मग हे मागे फिरतायत ते कोण? पाहुणे?”

“माझे डोळे गेले असतील. नाहीतर डोकं.”

“तिला सांगू नका. मी मासेवाल्याकडून दुसरे आणून सोडतो. कोण बघतंय तिथून?”

दोन मासे त्यांनी कुंडीत पुरले. या वेळी अस्तर नाही, चांगलं नवं रेशमी कापड कापलं.

रविवारी फोन वाजला. ती नेहमीप्रमाणे म्हणाली, “मासे?”

“चिंगे, दोन मासे मी मारले.”

“आणि झिंगे चौदा मेले. दीड महिना मी खोटं बोलतोय तुझ्याशी. पाणी बदललं, नळाचं घातलं. तू लिहून ठेवलं होतंस, काही करायचं नाही म्हणून. मला नाही राहवलं. मला जमतच नाही गं नुसतं बघत बसणं.”

“थांबा. झिंगे किती मेले?”

“चौदा.”

“मी दहा पाठवले होते, बाबा.”

“तेच तर! पांढरे होऊन पडतात, हलके, पोकळ. सगळे पुरले मी, एकेकाला अस्तरात गुंडाळून.”

आणि तिकडून हसू आलं. आधी नाकातून, मग खदखदून, लहानपणी मशीनखाली लपून हसायची तसं. तीन वर्षांनी ऐकलं ते मास्तरांनी. कान फोनला असा दाबला की दुखला.

“अहो बाबा, ती कात आहे! झिंगे कात टाकतात. अंग वाढलं की वरचं कवच पुरत नाही, मग ते सोडून बाहेर येतात. पाणी बदललं की जास्तच टाकतात. तुम्ही चौदा कपडे पुरलेत! शिंपी ना तुम्ही? आतलं माणूस निघून गेलेला कपडा ओळखला नाहीत?” तिला पुन्हा हसू फुटलं. “मासे मात्र गेले बिचारे, ते नळाच्या पाण्याने. पण झिंगे असतील. नीट बघा, पानांच्या मागे. पिल्लंही असतील आता.”

मास्तर काचेला चष्मा टेकवून वाकले. पानाच्या मागच्या बाजूला, सुईच्या टोकाएवढे, तिरके तिरके. इतके दिवस ते त्यांना दोऱ्याचा भुगा समजत होते. एक, दोन, सात... मोजता येईनात.

“आहेत गं,” ते म्हणाले. “पुष्कळ आहेत.” आणि मग, कशाला ते त्यांनाही कळलं नाही, “पण दर वेळी अख्खा कपडा टाकायचा म्हणजे...”

“काय करतील? त्यांच्या शिवणीत माया नसते ना.”

ती बोलून गेली. पेटीत एक झिंगा पानावरून पानावर गेला, तो मास्तर बघत राहिले.

“चिंगे, तो कोट...”

“माहितीये.”

“कधी बघितलास?”

“विमानातच. बसल्या बसल्या सवयीने शिवण उलटली. पुढचा सगळा प्रवास रडत गेले. शेजारच्या बाई मला सारखं पाणी देत होत्या.”

मास्तरांना वाटलं, आपले हात कोपरापासून कापून टाकावेत. तीन वर्षं त्यांनी स्वतःला सांगितलं होतं की तिने पाहिलंच नसेल.

“मग फेकला का नाहीस?”

“फेकू कसा? एवढा उबदार दुसरा मिळत नाही इथे. तीन हिवाळे तोच घातला. पण मी जाड झालेय, बाबा. यंदा बटणं लागत नाहीत. इथल्या शिंपिणीला दाखवला. तिने उलटून बघितलं आणि म्हणाली, सोडायला काहीच ठेवलेलं नाही, हा आता होणार नाही.”

“तिला काय कळतंय!” मास्तर ओरडले. दारात आलेला चावीवाला दचकून मागे झाला. “काही ठेवलेलं नाही म्हणे! पट्ट्या आहेत माझ्याकडे. चारही. बटणांच्या खणात. परत जोडतो. जोड दिसला तर नाव सांगणार नाही. होतो कसा नाही!”

“ठेवल्यात तुम्ही?” ती म्हणाली. आवाज पाण्यातून आल्यासारखा. “मग मी माप घेऊन पाठवते. कोटही पाठवते पार्सलने.”

हो म्हणायला काय जात होतं? पार्सल आलं असतं, मास्तरांनी एका दिवसात जोडून परत पाठवलं असतं, सगळं गोड झालं असतं. पण त्यांना कोट नको होता.

“फोनवरची मापं मी घेत नाही,” ते म्हणाले. “आजवर कोणाची घेतली नाहीत. माप अंगावर घेतात.”

तिकडे कुठेतरी दार वाजलं, कोणीतरी परक्या भाषेत काहीतरी बोललं. तिने नाक ओढलं.

“रजेचं बघते, बाबा,” ती म्हणाली. फोन ठेवला गेला.

चावीवाल्याने विचारलं, “काय म्हणाली?”

मास्तरांनी बटणांचा खण उघडला, चार पट्ट्या बाहेर काढल्या, आणि इस्त्री गरम करायला ठेवली. तीन वर्षं गुंडाळलेल्या पट्ट्या, सुरकुत्या मोडायला हव्यात. मग गळ्यातला टेप चाचपला, आहे ना जागेवर म्हणून.

“बघते म्हणाली,” ते म्हणाले, आणि खुर्ची ओढून पेटीसमोर बसले. आता बाकी काही करायचं नव्हतं.